धुतलेले पाय
नव्या टॉवेलचा खळीचा वास आला की बारामतीच्या चर्चमधला तो पवित्र गुरुवार आठवतो. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुणार होते आणि मंडळीतला शिकलेला म्हणून टॉवेल माझ्या हातात होता. अकरा जण घरूनच पाय घासून आले होते. बारावी होती आमची मावशी; ती सांगवीहून उसाला पाणी देऊन तशीच चिखलाच्या पायांनी आली. अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईचं हगणंमुतणं तिनंच काढलं होतं. तरी मी म्हणालो, "मावशी, आधी नळावर पाय धुऊन या." ती हसली. "धुतल्यालंच धुत्यात व्हय रं हितं?" म्हणाली आणि नळाकडे न वळता सरळ घरी गेली. तिच्या रिकाम्या खुर्चीत मग मीच बसलो. माझे पाय लख्ख होते. यंदाही बोलावणं आलंय आणि सकाळपासून मी टाचा घासतोय.