दमयंतीचं फुटलेलं भाषण

दमयंतीच्या पोटात काही राहत नाही, हे अख्ख्या कोन गावाला ठाऊक आहे. नणंदेला दिवस गेल्याची बातमी नणंदेच्या नवऱ्याआधी हिनेच गावभर केली होती. असल्या बाईला संमेलनाआधी गप्प राहायला सांगणं, हा मुळात संमेलन भरवणाऱ्या मितेशचाच वेडेपणा.

हे संमेलन कंटेनर डेपोचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं. न्हावा शेव्याच्या आसपासच्या डेपोंतली गेटवरची माणसं वर्षातून एकदा पनवेलच्या हॉलमध्ये जमतात, कोणी काय नवी युक्ती काढली ते पडद्यावर दाखवतात. कार्यक्रम संपला की मितेश सगळी प्रेझेंटेशन्स ग्रुपच्या साईटवर खुली करतो. यंदा पहिल्यांदाच दमयंतीचा बोलायला नंबर लागला होता, आणि युक्ती खरंच झकास होती. ट्रेलर रस्त्यात असतानाच ड्रायव्हरकडून मोबाईलवर कंटेनरचे फोटो मागवायचे, कुठे पोचा आहे, कुठे भोक आहे, ते आधीच भरून ठेवायचं. गाडी गेटवर आली की नंबर ताडायचा आणि आत सोडायची! तिच्या डेपोबाहेरची रांग पार आटली होती.

बोलणाऱ्याला घरचं एक माणूस आणता येतं. दमयंती आईला आणणार होती. लेक स्टेजवरून बोलताना आईने एकदा बघावं, एवढीच तिची हौस.

आदल्या दिवशी दुपारी मितेशने फाईल साईटवर चढवायला सांगितली. "लपवूनच ठेव, उद्या संध्याकाळी उघडू," असं बजावलंही. दमयंतीने फाईल चढवली, खुली केली आणि सगळ्या डेपोंच्या ग्रुपवर लिंक टाकून मोकळी झाली. खाली लिहिलं, 'बघा ना, कसं वाटतंय!'

सकाळी मितेश हॉलच्या दारातच कपाळाला हात लावून उभा. "अगं, सगळ्यांनी वाचलंय! आता तुझ्या वेळेला लोक चहाला जाणार."

दमयंतीने आत डोकावलं. पुढच्या रांगेत सत्यवती, तिची आई, नवं लुगडं नेसून अगदी ताठ बसली होती. तिला आता काय सांगायचं?

नाव पुकारलं गेलं. दमयंतीने माईक धरला, "तुम्ही वाचलंच असेल..." एवढंच म्हणाली, तोवर उरणच्या डेपोचे मुश्ताकभाई उठलेच.

"वाचलं काय, मॅडम, कालच लावून पाहिलं! कसम से, ड्रायव्हर विचारत होते, आज गेट एवढं रिकामं कसं?"

"आमच्याकडेपण!" करंजाड्याची अंकिता ओरडली. "फक्त अंधारात फोटो काळे येतात हो, त्याचं काय?"

"पेट्रोल पंपावर काढायला सांगा, तिथे उजेड असतो," मागून कोणीतरी म्हणालं.

मग काय, हॉलमध्ये नुसता गलका! जो तो आपल्या गेटवरचं सांगायला उठतोय, कोणी टाळ्या देतोय, चहा बाहेर निवून चाललाय. दमयंती माईक धरून नुसती हसत उभी. वेळ संपली, तरी एक स्लाईडही दाखवून झाली नव्हती.

परतताना रिक्षात ती हळूच म्हणाली, "आये, माजा भाषन रायलाच."

"रायला तं रायला," सत्यवती म्हणाली. "तू गप उबी व्हतीस, नि सगला हॉल तुजाच बोलत व्हता. असा मी जल्मात नाय बगला."

दमयंतीने ओढणीने डोळे पुसले आणि आईचं हे वाक्य, कोन गाव यायच्या आत, ग्रुपवर टाकलं.