भोपाळ स्पेशलमधले बायकांचे डबे

श्रीनाथराव दिघे म्हणजे उज्जैन स्टेशनचा आवाज, असं पहिल्यांदा कोण म्हणालं देव जाणे. बहुधा तेच म्हणाले असतील. चौदा वर्षं ते पूछताछच्या खोलीत माईकपुढे बसत होते. कुठली गाडी, किती लेट, कुठल्या फलाटावर, हे ते अशा थाटात सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, लेट व्हायला आपणच कारणीभूत आहोत. पण आवाज काय होता, वा! फ्रीगंजात भाजी आणायला गेले तर भाजीवाला आवाज ओळखून विचारायचा, "बाबूजी, दिल्लीवाली टाइम पर है क्या?" मग हे फुलून यायचे आणि भेंडी किडकी आहे की कोवळी, हे न बघताच पिशवी भरून घरी यायचे.

त्यांची बायको मीरा त्याच स्टेशनात तिकिटाच्या खिडकीवर होती. घरात तिचा आवाज स्वयंपाकघराबाहेर येत नाही, असं श्रीनाथराव चारचौघांत हसून सांगत. तिला मधे बोलू दिलं असतं तर आला असता बाहेर, पण ते राहू द्या.

ब्याण्णवचा सिंहस्थ आला आणि पहिल्या स्नानाच्या गर्दीत श्रीनाथरावांनी दोन दिवस आणि दोन रात्री माईक सोडला नाही. तिसऱ्या दिवशी तोंड उघडलं तर आत नुसती हवा. रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली आणि सांगितलं, "तीन हफ्ते एकदम मौन. एक शब्दही बोललात तर आवाज कायमचा गेला समजा."

भर मेळ्यात माईकवर बसवायचं कुणाला? नवे स्टेशन अधीक्षक होते हौशी. "अब जमाना बदल रहा है, पब्लिक से मीठा बोलो," असं ते उठताबसता म्हणत. त्यांनी तिकिटाच्या खिडकीवरून मीराला उचललं आणि माईकपुढे बसवलं.

आता गंमत बघा. दिघ्यांचा क्वार्टर रेल्वे कॉलनीत, स्टेशनला अगदी खेटून. फलाटावरचा भोंगा घरात असा ऐकू यायचा की जणू फडताळावरच ठेवलाय. म्हणजे या माणसाने मुकाट बसायचं आणि सकाळपासून बायकोचा आवाज ऐकायचा! आणि ती बोलायची तरी कशी? कागदावरचं एकदा वाचून झालं की आपल्या मनाचंच काहीतरी सुरू. "माताजी, पुलाच्या पायरीवर बसू नका, मागे लोक आहेत," हे हिंदीत. मालव्यातला कुणी म्हातारा चुकला की थेट मालवीत, "बा, घबराओ मत, तमारी बाई यां बैठी है." आणि फलाटावरची माणसं हसायची, ऐकायचीसुद्धा. चौदा वर्षांत श्रीनाथरावांच्या सांगण्यावरून पुलावरून कुणी उठलं नव्हतं.

श्रीनाथरावांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पहिल्या दिवशी त्यांनी पाटीवर तिच्या अकरा चुका लिहून ठेवल्या. संध्याकाळी ती थकून आली, चपलाही न काढता पाटी वाचली आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. उद्या नाही करणार." दुसऱ्या दिवशी नऊ चुका. चौथ्या दिवशी त्यांना तीनसुद्धा सापडेनात, तेव्हा त्यांनी भाजीत मीठ कमी असल्याचं लिहिलं.

बरं, शेजाऱ्यांनी तरी गप्प बसावं की नाही? शेजारच्या सुलभावहिनी कुंपणावरून ओरडायच्या, "भाऊजी, काय गोड बोलते हो आमची मीरा! तुम्ही आता आरामच करा!" श्रीनाथरावांना उत्तरही देता येत नव्हतं. ते आत जाऊन कडी लावून घेत. आणि मग कळलं की अधीक्षकसाहेब म्हणताहेत, मेळा संपला तरी दिघे मॅडमच राहू देत माईकवर. हे ऐकलं त्या दिवशी श्रीनाथराव जेवले नाहीत. आपल्याच घरातलं माणूस आपल्या खुर्चीत बसलंय, आणि आपण त्याला चहा करून देतोय! जळत होते, सरळ जळत होते, आणि स्वतःला सांगत होते की मला तिच्या तब्येतीची काळजी वाटते.

मीरा मात्र रोज संध्याकाळी वही घेऊन त्यांच्यासमोर बसायची. "अहो, उद्याचं सांगा." हे पाटीवर लिहायचे, ती उतरवून घ्यायची. गर्दीच्या दिवसांत कुठली गाडी कुठे उभी करतात, कुठल्या फलाटावर पाणी नसतं, हे सगळं त्यांना पाठ होतं, आणि ते तिला मान्य होतं.

मोठ्या स्नानाच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, "अहो, भोपाळ स्पेशल उद्या परत जाणार. येताना बायकांचे दोन डबे इंजिनामागेच होते. जाताना कुठे असतील?"

यात अवघड काही नव्हतं. उज्जैनला आलेली स्पेशल परत पाठवताना डबे तसेच ठेवतात, इंजिन तेवढं दुसऱ्या टोकाला नेऊन लावतात. म्हणजे येताना पुढे असलेले डबे जाताना शेपटाला. ऐंशीच्या सिंहस्थात श्रीनाथरावांनी हे शंभरदा सांगितलं होतं. त्यांनी पाटी घेतली, पेन्सिल उचलली, आणि लिहिलं: ‘पुढे. इंजिनापाशी.’

मीराने वहीत लिहून घेतलं आणि कणीक मळायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीनाथराव पलंगावर बसून होते. भोंग्यातून मीराचा आवाज आला, नेहमीसारखाच मायेचा. "बहनों, भोपाल स्पेशल में आपके डिब्बे आगे हैं, इंजन के पास. बच्चों का हाथ पकड़कर आगे चलिए." एकदा, दोनदा, तीनदा. श्रीनाथराव उठले. दारापर्यंत गेले. जाऊन सांगता आलं असतं, स्टेशन पाच मिनिटांवर होतं. हात कडीवर ठेवला आणि तिथेच थांबले. मागे दुसऱ्या स्पेशल खोळंबलेल्या, त्यामुळे गाडी फलाटावर जेमतेम सहा मिनिटं थांबणार होती. मग गलका ऐकू आला. बायकांचे, पोरांचे आवाज, आणि इंजिनाची शिटी.

मीरा संध्याकाळी आली ती भिंतीला धरूनच बसली. बायका पोरं-गाठोडी घेऊन इंजिनाकडे धावल्या, तिथे डबेच नाहीत म्हणून परत उलट्या धावल्या. चाळीसेक जणी फलाटावरच राहिल्या. एका म्हातारीचा गुडघा फुटला, आणि एक लेकरू गाडीत गेलं, आई खाली. ते शुजालपूरला उतरवून घेतलं म्हणून बरं.

"साहेबांनी माईक काढून घेतला," ती म्हणाली. "सोमवारपासून तुम्हीच. डॉक्टरांना विचारून घ्या म्हणाले."

खोटं कशाला सांगू, श्रीनाथरावांना आनंद झाला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, ‘मनाला लावून घेऊ नकोस. सवय लागते.’

मीराने ते वाचलं. मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "शंटिंग जमादार विष्णू दोनदा सांगायला आला होता. म्हणाला, भाभीजी, डिब्बे पीछे हैं, मैंने खुद इंजन जोड़ा है. मी त्याला हाकलला. म्हटलं, आमच्या ह्यांनी लिहून दिलंय, ते चुकायचे नाहीत."

श्रीनाथरावांनी पाटीवरचं पुसून टाकलं. ही बाई दिवसभर बोलणी खाऊन आली होती आणि साहेबांपुढे त्यांचं नावसुद्धा काढलं नव्हतं. वहीतलं पान दाखवलं असतं तरी सुटली असती.

ते उठले, पायांत चपला सरकवल्या आणि तडक अधीक्षकांच्या खोलीत गेले. पाटी न घेता. सतरा दिवसांनी घशातून जे निघालं ते फुटक्या पिपाणीसारखं होतं. "साहब, उसकी गलती नहीं है. मैंने जानबूझकर गलत लिखा था. जल गया था मैं."

डॉक्टर खरे ठरले. आवाज परत आला नाही, जेवढा आला त्याला कुणी माईकपुढे बसवणार नव्हतं. श्रीनाथरावांना पार्सल ऑफिसात टाकलं आणि मीरा माईकवर कायम झाली. वर्षं गेली, रिझर्व्हेशनला कॉम्प्युटर आले, फलाटाबाहेर एसटीडीची दुकानं झाली, आणि सगळं स्टेशन मीराच्या आवाजावर चालू राहिलं. ती नवऱ्याला घालूनपाडून कधी बोलली नाही. चहा, जेवण, सणवार, सगळं पहिल्यासारखं. फक्त संध्याकाळी वही घेऊन समोर बसायचं तिने बंद केलं.

श्रीनाथराव रोज तयारीत असायचे. उद्या कुठली स्पेशल आहे, डबे कसे लागणार, पार्सल ऑफिसातून सगळं काढून आणायचे. विचारलं की लगेच सांगायचं, आणि खरं सांगायचं. एकदा तर न विचारताच सांगितलं. मीरा म्हणाली, "हो का? बरं," आणि काहीच लिहून घेतलं नाही.

सात वाजता कुंपणापाशी सायकलची घंटी वाजे. मीरा वही घेऊन बाहेर जाई आणि विचारी, "विष्णूभैया, कल का क्या है?" तो सांगे, ती उतरवून घेई. खिडकीआड उभे राहून श्रीनाथराव ऐकत. माईकचा हेवा त्यांच्या मनातून कधीच गेला होता. आता त्यांना त्या शंटिंग जमादाराचा हेवा वाटायचा.