दातारबाईंचं फिरतं वाचनालय

अलका दातारला आपल्यामागे कुणी "बिचारी" म्हटल्याचं कळलं, की ती त्या माणसाला फोन करून विचारायची, "कोण बिचारी? पत्ता द्या, भेटून येते." मी तिची मल्लेश्वरममधली शेजारीण, भिंतीला भिंत लागून. त्यामुळे मला फोन न करता ती थेट तोंडावर बोलायची.

तिचा नवरा चंद्रकांत सरकारी कारखान्यात इंजिनियर. ती घर सांभाळून दर वर्षी पुण्याहून दिवाळी अंकांचं पार्सल मागवायची, प्रत्येक अंकाला खाकी कव्हर घालायची आणि बंगळुरातल्या चाळीस मराठी घरांत मोपेडवरून फिरवायची. एका घरी एक अंक एक आठवडा. आमची दिवाळी अशी पुढच्या गणपतीपर्यंत पुरायची.

ब्याण्णव साली तिचा डावा पाय ओढला जाऊ लागला. मग एका डोळ्याला धूसर दिसायला लागलं, हातातून कप सुटायला लागले. एक डॉक्टर अशक्तपणा म्हणाले, दुसरे म्हणाले, बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता. दोन वर्षांनी खरं नाव कळलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं आवरण झिजतं आणि मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत धड पोचत नाही. बरा होणारा आजार नाही, विश्रांती घ्या, असं तिला सांगण्यात आलं. मोपेड विकावी लागली.

मग आमच्या मंडळानं मराठी मंडळं करतात तेच केलं. सत्कार ठरवला. वाचनालयाचं काम काढून घ्यायचं, पण शाल-श्रीफळ देऊन. शाल मीच आणली होती, तिला शोभेल असा रंग बघून. आज आठवलं तरी लाज वाटते.

अध्यक्ष रघुपतीराव मोहिते इथल्या जुन्या मराठा घराण्यातले, तीनशे वर्षं मुरलेले. शाल उलगडत ते आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, "अक्का, खूप केलंत तुम्ही. आता स्वल्प विश्रांती घ्या. अंकांचं आम्ही बघतो. सरी? चालेल ना?"

"नाही, अण्णा," अलका खुर्चीतूनच म्हणाली. "ती शाल घडी घालून ठेवा. माझे पाय बिघडलेत. कुठला अंक कुणाकडे आहे, कोण त्यावर कॉफी सांडतं, कोण महिना महिना परत देत नाही, हे काही मी पायांत साठवलेलं नव्हतं."

लोक हसले. ती हसली नाही.

"मला विश्रांती नको, तुमचे पाय हवेत. दर शनिवारी प्रत्येकानं आपल्याकडचा अंक पुढच्या घरी स्वतः नेऊन द्यायचा. कुणी कुठे जायचं ते मी फोनवरून सांगेन. कोण तयार आहे?"

एकही हात वर होईना. सगळे तिच्या तब्येतीची काळजी करायला आले होते, कामाला लागायला नव्हे. तिनं माझ्याकडे बघितलं. "नीलिमा, तुझ्यापासून सुरुवात." मी घाबरूनच हात वर केला. मग एकेक करत पंचवीसेक हात वर आले. रघुपतीराव शाल हातात धरून तसेच उभे होते.

तेव्हापासून सकाळी आठ ते दहा दातारांचा फोन कायम एंगेज. दहानंतर तिला इतका थकवा यायचा, की चमचाही जड व्हायचा. उन्हाळ्यात आजार जास्त छळायचा, म्हणून मानेवर ओला टॉवेल टाकून ती फोनवर लोकांना झापायची. जे. पी. नगर, मारतहळ्ळी अशा लांबच्या घरांची पिशवी आमच्या गल्लीतला रिक्षावाला हयवदन पोचवायचा. मराठी त्याला अक्षरभर वाचता येत नव्हतं, पण उशीर झाला तर अक्का कानडीतही बोलतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

अंक पोचवायला निघालेले लोक मग वाटेत तिच्याकडे टेकायला लागले. कमलाबाई भाजी निवडून जायच्या. जितेंद्र कुलकर्णी दर बुधवारी गाडीतून तिला व्यायामाला न्यायचा. गौरी तिला मोठ्यानं वाचून दाखवायची, आणि कंटाळवाणा परिच्छेद गाळला तर ओरडा खायची. आभार मानायचे असतात, हे अलकाच्या गावीही नव्हतं. शहाण्णव साली व्हीलचेअर आली, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या वार्षिक सभेला चौघं तिला उचलून न्यायला आले. "मला उचलायचं नाही. सभा खाली आणा," ती म्हणाली. सभा बॅडमिंटन कोर्टावर झाली, आणि पुढे दर वर्षी तिथेच होत राहिली.

अठ्ठ्याण्णव साली मात्र आजारानं जोरात उचल खाल्ली. दोन्ही पाय गेले, बोलणं जड झालं. तीन आठवडे ती हॉस्पिटलमध्ये होती. इकडे फोनचं काम माझ्याकडे आलं, आणि वाचनालयाची पार दैना झाली. पण तिला यातलं काही कळू द्यायचं नाही, सगळं सुरळीत आहे असंच सांगायचं, असं आम्ही सगळ्यांनी एकमतानं ठरवलं.

एका दुपारी मी भेटायला गेले. ती छताकडे बघत पडली होती.

"भीती वाटते गं," ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

"डॉक्टर म्हणालेत, थोडं थोडं सुधारेल."

"आजाराची नाही." शब्द जुळवायला तिला वेळ लागला. "तुम्ही सगळे पुन्हा माझ्याशी चांगलं वागायला लागाल, त्याची."

ठरलेलं वाक्य माझ्या ओठांवर होतं. ते मी गिळलं. मला रडू येत होतं, तेही गिळलं.

"सगळा बोजवारा उडालाय," मी म्हटलं. "मारतहळ्ळीची पिशवी दोन आठवडे हललेली नाही. मोहित्यांनी तीन अंक दाबून ठेवलेत. आणि माझं कुणी ऐकत नाही."

अलकानं मान वळवून माझ्याकडे रोखून बघितलं.

"पाठीला उशी लाव," ती म्हणाली, "आणि मोहित्यांचा नंबर फिरव."