धूर कोंडणारी खोली

निजामाच्या राजवटीत परभणीच्या शाळेत मी मास्तर म्हणून लागलो. नुकतंच लग्न झालेलं. बायकोला घेऊन खोली शोधत स्टेशनकडे गेलो, तर एका नव्या खोलीची जमीन एक बाई सारवत होती. तिला मजूर समजून मी विचारलं, "मालक कुठे आहेत?"

"मीच की," हात न थांबवता ती म्हणाली.

झरी गावाकडची ती विधवा. पाटल्या मोडून तिनं दोन खोल्या बांधल्या होत्या. एकीत स्वतः राहायचं, दुसरी किरायानं द्यायची. पहिले किरायेदार आम्हीच. पण तिनं नकारार्थी मान हलवली.

"ह्या खोलीत चूल पेटवून पाहिली म्या. धूर लय कोंडायलाय. जिथं माझेच डोळे चुरचुरतात, तिथला किराया कसा घेऊ, मास्तर?"

"मग आम्ही जावं कुठं?" बायकोचा आवाज रडवेला झाला.

ती आमच्या ट्रंकेकडे बघत राहिली. मग हात धुऊन स्वतःच्या खोलीतली भांडी बाहेर काढू लागली. "तुमी हितं ऱ्हावा. मी जाते तिकडं."

सकाळी भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकू आला. बायको उठली, तिला हाताला धरून आमच्या चुलीपाशी घेऊन आली.

पंधरवड्यानं गवंडी मिळाला, त्यानं तिकडच्या भिंतीत झरोका पाडला. बदली होईपर्यंत तीन वर्षं आम्ही तिथं राहिलो. तिला मावशीच म्हणायचो. नाव कधी विचारलं नाही. झरोक्यातून आता धूर छान जाईल, असं गवंडी म्हणाला होता. खरंखोटं कुणी पाहिलं? बायकोची आणि मावशीची चूल शेवटपर्यंत एकच राहिली.