दोन हिरव्या बाटल्या

रक्तपेढीत काम करणाऱ्या ताईंना रागावलेलं कुणी पाहिलं नव्हतं. एकवीस वर्षांत त्यांनी ना कुणावर आवाज चढवला, ना एकाही बाटलीवर चुकीची चिठ्ठी लावली. त्यांचे साहेब म्हणत, "ताई म्हणजे शांत स्वभाव." साहेबांना माणसांची पारख नव्हती. ताई गेली पाच वर्षं रोज सकाळी दात घासताना एकाच माणसाचं वाटोळं चिंतत होत्या, आणि मग नीट चूळ भरून कामावर येत होत्या.

तो माणूस म्हणजे आहारगुरू. तो डॉक्टर नव्हता आणि आपण डॉक्टर आहोत असं त्याने कधी म्हटलंही नव्हतं. त्याची हुशारी सगळी त्यातच होती. बोट टोचून तो माणसाचा रक्तगट काढी आणि त्या गटाला काय पचतं, काय बाधतं याचा छापील तक्ता हातात ठेवी. दर रविवारी त्याच्या सभागृहात प्रवचन असे. तिथे चार गटांना चार रंगांच्या खुर्च्या होत्या: ए साठी निळ्या, बी साठी पिवळ्या, ओ साठी पांढऱ्या आणि एबी साठी हिरव्या. ज्याने त्याने आपल्या रंगावर बसायचं, असा तिथला शिरस्ता. गंमत अशी, की निळ्या-पिवळ्या खुर्च्या कायम रिकाम्या असत. गुरुजींकडे त्याचं उत्तर तयार होतं. "ए आणि बी गटाची माणसं मुळात हट्टी. त्यांना आपलं भलं कळत नाही, म्हणून ती इकडे फिरकत नाहीत." हिरव्या खुर्च्यांवरची माणसं यावर समाधानाने माना डोलवत. एबी हा दुर्मीळ गट. शंभरात सातआठ माणसं. गुरुजींकडे मात्र शंभरात साठ.

ताईंचा नवरा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून दिवसभर दुसऱ्यांच्या वेळा दुरुस्त करायच्या आणि स्वतः जेवायला तासभर उशिरा यायचं, असा माणूस. हृदयातली एक झडप बदलावी लागली, तेव्हा त्याचा गट ताईंनी स्वतःच्या हाताने काढला होता. ए. अगदी साधा, सरळ ए. शस्त्रक्रियेनंतर रक्त पातळ राहण्याची गोळी कायमची मागे लागली. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, पालेभाजी खात असाल तेवढीच खा, अचानक वाढवू नका. त्याने गोळीचा जोर मोडतो. ताईंनी तो कागद वाचला, घडी घातली आणि फायलीत ठेवला. घडी फार व्यवस्थित घातली होती.

मग कुणीतरी घड्याळजींना गुरुजींकडे नेलं. ते घरी आले ते उजळलेल्या चेहऱ्याने.

"अगं, मी एबी आहे."

"तुम्ही ए आहात. मी काढलाय तुमचा गट."

"ते म्हणाले, हॉस्पिटलवाले घाईत असतात."

"मी घाईत होते? तुमच्या वेळी?"

"तसं नाही गं. पण बघ ना, शंभरात सात."

ताई हसल्या. त्यांना वाटलं, खाऊ दे बापडा. पालाच तर आहे, विष तर नाही. घड्याळजी सकाळ-संध्याकाळ वाटीभर पालेभाजीचा रस पिऊ लागले. मिक्सर ते लावत, वाटी ताई धुवत. दोन महिने त्यांनी ती हिरवी वाटी रोज धुतली आणि फायलीतला कागद त्यांना एकदाही आठवला नाही. तिसऱ्या महिन्यात दुकानात चिमटा हातातून गळून पडला. गुठळी मेंदूपर्यंत गेली होती. जीव वाचला. उजवा हात आणि बरंचसं बोलणं गेलं. घड्याळजींच्या हाताला आता घड्याळ फक्त मनगटावर बांधण्यापुरतं उरलं.

रक्तगटाचा आणि तब्येतीचा काही संबंधच नाही, असं ताई त्यानंतरही म्हणत नसत. त्यांनी वाचलं होतं: ओ गटाच्या लोकांना पोटातला व्रण थोडा जास्त होतो, बाकीच्यांच्या रक्तात गुठळी थोडी जास्त धरते. संशोधकांनी हे मोजून ठेवलं होतं आणि त्यात 'थोडा' हा शब्द न विसरता लिहिला होता. गटाप्रमाणे जेवल्याचा फायदा मात्र कुणाला मोजता आला नव्हता. भाजी खाणाऱ्याला भाजीचा फायदा होई, मग त्याचं रक्त कोणतंही असो.

हॉस्पिटलातून नवऱ्याला घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी ताई गुरुजींच्या खोलीवर गेल्या. ओरडायचं ठरवून गेल्या होत्या. काय ओरडायचं तेही वाटेत पाठ केलं होतं. गुरुजी आत कुणाला तरी तक्ता समजावत होते, म्हणून ताई बाहेरच्या टेबलापाशी थांबल्या. टेबलावर गट काढायच्या दोन बाटल्या होत्या. ए ओळखायचा द्रव निळा असतो, बी ओळखायचा पिवळा. तो मुद्दाम तसा रंगवतात, म्हणजे माणसाची गफलत होऊ नये. ताईंनी बाटल्या उजेडाकडे धरल्या. दोन्ही हिरव्या होत्या.

त्या न ओरडता घरी आल्या.

निळ्यात पिवळं आणि पिवळ्यात निळं गेलं होतं. अशा द्रवाचा थेंब पडला की ए गटाचं रक्त दोन्हीकडे गुठळ्या धरणार, बी गटाचंही धरणार आणि दोघेही एबी ठरणार. ओ कशातच गुठळ्या धरत नाही, म्हणून तेवढा ओ बरोबर. गुरुजींच्या निळ्या-पिवळ्या खुर्च्या रिकाम्या का, हे ताईंना त्या टेबलापाशी कळलं. त्यांनी रीतसर तक्रार केली. तक्रारीला उत्तर आलं की चौकशी चालू आहे. पाच वर्षांनी तेच उत्तर पुन्हा आलं, या खेपेला जाड कागदावर.

त्याच महिन्यात गुरुजींनी संस्थेच्या चौदाव्या वर्षानिमित्त रक्तदान शिबिर ठरवलं आणि रक्तपेढीला पत्र पाठवलं.

"रविवार आहे. कोण जाईल?" साहेबांनी विचारलं.

"मी जाते," ताई म्हणाल्या.

साहेब चमकले. ताईंनी रविवार कधी मागून घेतला नव्हता.

"गुरुजींची एक अट आहे हो. गटाची कार्डं पुढच्या रविवारी ते स्वतः वाटणार, नावं पुकारून. मी म्हटलं, ही माहिती खासगी असते. तर त्यांनी सगळ्यांच्या संमतीच्या सह्या आणून टाकल्या."

"सह्या आहेत ना? मग चांगलंच आहे," ताई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी डबा चवीने खाल्ला.

शिबिरात शहाण्णव जणांनी रक्त दिलं. पहिले गुरुजी झोपले. ताईंनीच सुई टोचली, आणि ती इतकी हळुवार की गुरुजी म्हणाले, "ताई, तुमच्या हाताला गुण आहे." पुढचे तीन दिवस ताईंनी प्रत्येक नमुना दोनदा तपासला, एकदा रक्तपेशींवरून आणि एकदा पेशी खाली बसल्यावर वर उरणाऱ्या रक्तद्रवावरून, म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा नको. सूड उगवण्यासाठी इतकं बिनचूक काम क्वचितच कुणी केलं असेल. गुरुजींच्या यादीत साठ एबी आणि छत्तीस ओ होते. ताईंच्या यादीत ओ छत्तीस निघाले. बाकी पंचवीस ए, अठ्ठावीस बी, सात एबी. त्यांनी कार्डं लिफाफ्यांत घातली. गुरुजींचा लिफाफा सगळ्यांत शेवटी ठेवला.

रविवारी सभागृह भरलं. म्हणजे पांढरं आणि हिरवं भरलं. ताई मागे भिंतीशी स्टुलावर बसल्या. घड्याळजींना त्यांनी चला म्हणून विचारलं होतं. त्यांनी डाव्या हाताने नको अशी खूण केली होती.

गुरुजींनी पहिला लिफाफा फोडला. बेकरीवाल्या बाई पुढे आल्या.

"आपल्या भगिनी. गट..." गुरुजी थबकले. "ए. हं. लिहिणाऱ्याची गडबड दिसते. पुढे."

पुढे निवृत्त पोस्टमास्तर होते. बी. मग एक ओ आला, तेव्हा गुरुजींच्या जिवात जीव आला. मग ए. मग बी. मग परत बी. सभागृहात कुजबुज सुरू झाली.

पोस्टमास्तर कार्ड उलटसुलट करून पाहत होते. आयुष्यभर ज्याचं त्याच्या पत्त्यावर पोचवलेला माणूस. "गुरुजी," त्यांनी विचारलं, "मग मी आता बसू कुठे?"

गुरुजी पुढचा लिफाफा चाचपू लागले. पोस्टमास्तर शिरस्ता पाळत, शांतपणे जाऊन पिवळ्या खुर्चीवर बसले. चौदा वर्षांत त्या खुर्चीवर बसणारा पहिला माणूस. त्यांना पाहून बेकरीवाल्या बाई निळ्या खुर्चीवर गेल्या. बसण्याआधी त्यांनी पदराने ती पुसून घेतली, कारण तिच्यावर धूळ होती.

विसाव्या लिफाफ्यापाशी गुरुजी थांबले. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि हसले. ताईंच्या मनात आलं, सापडलं याला.

"मित्रांनो, आज आपण एक मोठी गोष्ट पाहतो आहोत. आपल्या आहाराने तुमचं रक्त शुद्ध झालं. एबी मधला एकेक दोष गळून पडला. कुणी ए झाला, कुणी बी. रक्त बदललं."

टाळ्या पडल्या. अर्ध्याच, पण पडल्या. पाच वर्षं राखलेला निखारा हा माणूस आरतीला वापरून मोकळा होणार होता.

"थांबा जरा," पिवळ्या खुर्चीवरून आवाज आला. "गुरुजी, तुम्हीपण आमच्यासारखे एबी, चौदा वर्षं तेच खाताय. मग तुमचं झालं का शुद्ध?"

"अर्थातच..."

"मग तुम्ही एबी नाही. मग एबीच्या तक्त्याप्रमाणे अजून का खाताय? आणि झालं नसेल शुद्ध, तर आम्ही काय म्हणून खायचं?" पोस्टमास्तरांच्या बोलण्यात राग नव्हता. न पोचलेल्या पत्राची चौकशी करावी तसे ते विचारत होते. "तुमचा लिफाफा फोडा की."

"फोडा, फोडा," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या. "माझ्या घरात चौदा वर्षं गव्हाला हात लावला नाही मी. बेकरीत उभी राहून."

लोक हसले. गुरुजींनी लिफाफा फोडला, कार्ड पाहिलं आणि मागे भिंतीकडे नजर टाकली. "ताई, तुम्ही सांगा. तपासणीत चूक होऊ शकते ना?"

"होऊ शकते," ताई म्हणाल्या. "म्हणून दोनदा केली."

"मग माझं कार्ड तुम्हीच वाचा ना."

"तुमच्या सहीखाली लिहिलंय, कार्ड गुरुजी स्वतः वाचतील. मी वाचलं तर नियमाबाहेर होईल."

गुरुजी उभेच राहिले. चार रंगांच्या खुर्च्यांमध्ये त्यांना बसता येईल अशी एकही नव्हती. शेवटी कुणीतरी, बहुधा चांगल्या मनानेच, एक पिवळी खुर्ची पुढे सरकवली. गुरुजी तिच्यावर बसले आणि सगळ्यांना कार्ड वाचून दाखवायची गरज उरली नाही.

मंगळवारी दुपारी ते एकटेच रक्तपेढीत आले. पुन्हा तपासा म्हणाले. ताईंनी त्यांच्यासमोर तपासलं. बी.

"हे कसं झालं?" गुरुजींनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. ताईंना वाटत होतं, हा लबाड आहे. तो नुसता आत्मविश्वासाने भरलेला होता. तिरस्कार करायला ते फार गैरसोयीचं.

"तुमच्याकडे ड्रॉपर किती?"

"एक. दुसरा पहिल्याच आठवड्यात फुटला, मग एकानेच दोन्ही बाटल्यांतून घेत गेलो. धुवायची काय गरज, द्रव काही घाण नसतो."

"रंग हिरवा झाला, ते नाही दिसलं?"

"दिसलं की. मला वाटलं, निसर्गाचा रंग आला."

ताईंनी हातमोजे काढले, एकात एक घातले, डब्यात टाकले.

"चूक झाली, ताई," गुरुजी पुटपुटले.

"मला नका सांगू. घरी चला."

घड्याळजी खिडकीशी बसले होते. गुरुजींनी त्यांच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं: ड्रॉपर, बाटल्या, ए, एबी. काही गाळलं नाही; गाळायला लागले की ताई खाकरत.

घड्याळजींनी वेळ घेतला. एकेक शब्द चिमट्याने उचलल्यासारखा काढला. "माहीत... होतं. मी... ए."

"माहीत होतं?" ताई म्हणाल्या. "मग पीत का होतात?"

"शंभरात... सात," घड्याळजी म्हणाले आणि ओशाळून अर्ध्या तोंडाने हसले. "बरं... वाटायचं."

गुरुजींनी इतका मोठा निःश्वास सोडला की ताईंना तो पाठीमागून ऐकू आला. खांदे सैल झाले, ते न सांगता खुर्चीवर बसले आणि त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. सुटलो, असं त्या पाठीवर स्पष्ट लिहिलेलं होतं.

ताई स्वयंपाकघरात गेल्या. मिक्सरचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात वाटी होती, काठोकाठ हिरवी. तीच वाटी.

"घ्या," त्या म्हणाल्या.

"बी गटाला हा चालत नाही," गुरुजी सवयीने बोलून गेले.

"तुमच्या तक्त्यात सकाळ-संध्याकाळ, दोन महिने असं लिहिलंय. आज पहिला दिवस. उद्या पेढीतून सुटले की मी सभागृहावरच घेऊन येईन. रविवारी मंचावर द्यायची."

गुरुजींनी दाराकडे पाहिलं. घड्याळजींनी डाव्या हाताने खुर्ची थोडी सरकवली, इतकीच की दाराकडची वाट अडावी.

गुरुजींनी वाटी तोंडाला लावली. ताई समोर उभ्या राहून तळ दिसेपर्यंत पाहत राहिल्या. रसात काही घातलेलं नव्हतं. घड्याळजींच्या वाटीतही काही घातलेलं नव्हतं.