ढब्बूचा जोडीदार

गोऱ्हा म्हणजे बैल नव्हे. गोऱ्ह्याचा बैल करावा लागतो, आणि ते काही खायचं काम नाही. मौद्याच्या आसपास दहा गावांत हे काम देवराव करत. खांद्यावर कधी जू न घेतलेलं, माजलेलं जनावर त्यांच्या हाती द्यायचं आणि महिन्याभरानं बंडीला, म्हणजे बैलगाडीला, चालणारा बैल घरी न्यायचा. चाबूक त्यांनी कधी धरला नाही. ज्याले मारा लागते त्यानं शिकवू नये, असं म्हणत. कन्हान नदीच्या रेतीत ते गोऱ्ह्याला एका मुरलेल्या जुन्या बैलाशेजारी जुंपत. जुना चालला की नवा चालतो, जुना थांबला की थांबतो. देवराव आपले मागून चालत आणि जीभ टाळूला लावून एक ‘टक्’ वाजवत. तेवढंच. पोळ्याला लोक आपली जोडी मुद्दाम त्यांच्या दारावरून फिरवून नेत.

मग ट्रॅक्टर आले. सत्त्याहत्तर साली बायको भागीरथा गेली, आणि वर्षाच्या आत धाकट्या भावानं गोठा रिकामा करून तिथं ट्रॅक्टर उभा केला. मुलगी शामला त्यांना नागपूरला घेऊन आली. धंतोलीत इंदुताईंच्या अंगणातल्या दोन खोल्यांत ती भाड्यानं राहत होती. शामला चांगली, जावई श्रीधर चांगला, सगळं चांगलं. पण सकाळी उठून अंगणात उभं राहिलं की हातांनी काय करावं ते देवरावांना कळत नसे. झाडू घेतला तर शामला ओढून घेई. दूध आणायला गेले तर परतताना गल्ली चुकत. बाबा, आता आराम करा, असं जावई रोज सांगे. आता बसून बसून माणूस गंजतो, हे या शिकल्यासवरल्या लोकांना कोणी सांगायचं?

घरमालकीण इंदुताई मुलींच्या शाळेच्या हेडमास्तरीण होत्या, आता निवृत्त. सगळी धंतोली त्यांना बाई म्हणे. तीस वर्षं त्यांनी पोरींना पाठीला बाक येऊ देऊ नका म्हणून सांगितलं, आणि देवराव आले त्याच वर्षी श्रावणात न्हाणीघरात पाय घसरून मांडीचं हाड मोडून बसल्या. हाड जुळलं, पण चाल लंगडी झाली. डॉक्टर म्हणाले, रोज फिरा. बाई फाटकाबाहेर पडेनात. गल्लीत निम्म्या बाया त्यांच्या विद्यार्थिनी. त्यांच्यासमोर लंगडत जायचं, हे त्यांच्या जिवाला मानवेना. एवढा ताठा बरा नव्हे, पण होता खरा.

त्यांच्या भाच्यानं, जयवंतानं, एक युक्ती काढली. दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू आणलं, सीताबर्डीवरून चामड्याचा पट्टा आणला, आणि याला फिरवायला तरी आत्या बाहेर पडेल असं धरून चालला. पिल्लाचं नाव ढब्बू. दिवसभर ते बाईंच्या पायाशी लोळे, त्यांच्या ताटलीतली पोळी खाई. पण नोकराणीनं पट्टा लावून फाटकाशी नेलं की मांडी घालून बसे. ओढलं की चारही पाय ताणून मागे रेटे. आठ दिवसांत सगळ्यांनी हात टेकले.

देवरावांनी हे आपल्या ओट्यावरून पाहिलं आणि अनेक महिन्यांनी त्यांचे डोळे चमकले. बाईंकडे जाऊन म्हणाले, तीनशे गोऱ्हे जुवाले लावले, हे तर वीतभर पोट्टं. आठ दिवस द्या. बाईंनी दिले. रविवारपर्यंत जमलं नाही तर जयवंता पिल्लू कळमन्याच्या एका धान्यवाल्याकडे गोदामाला राखण म्हणून देणार होता, हेही सांगितलं.

देवरावांचं वयच उतरलं. पहाटेपासून ढब्बूच्या मागे. गुळाचा खडा दाखवला; ढब्बूनं गूळ खाल्ला आणि बसला. जिभेचा टक् वाजवला. ढब्बूनं कान टवकारले आणि बसला. चौथ्या दिवशी देवरावांच्या ध्यानात आलं, की आपण मूळ गोष्टच विसरलो. एकटं जनावर कधी शिकलंय का? जोडी पाहिजे!

आणि इथं त्यांनी ती घोडचूक केली. पानठेल्यामागे काळी नावाची एक म्हातारी कुत्री राहत असे. शांत, मुरलेली, कोणाच्या अध्यात ना मध्यात. देवरावांनी दोन हात लांब काठी घेतली, तिच्या एका टोकाला काळीला बांधलं, दुसऱ्याला ढब्बूला, आणि कुत्र्यांचं जू तयार केलं. गल्लीतले लोक कामं सोडून बघायला आले. देवराव मागे उभे राहिले, टक् वाजवला. काळी खरंच चालली. दहा पावलं. तेवढ्यात समोरून तिचा जन्माचा वैरी, दवाखान्याजवळचा तांबडा कुत्रा आला, आणि मुरलेली काळी अशी सुटली म्हणता, की काठी, दोऱ्या आणि ढब्बू फरफटत नालीत. लोक पोट धरधरून हसले. ढब्बूच्या मानेचं कातडं सोललं होतं, आणि बाईंनी व्हरांड्यातून सगळं पाहिलं होतं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पिल्लू मांडीवर घेऊन एवढंच म्हणाल्या, की देवराव, आता याला हात लावू नका.

देवराव त्या दिवशी जेवले नाहीत. लोकांच्या हसण्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. आपल्या हातानं मुक्या जनावराला लागलं, याचं वाटलं. जन्मात असं झालं नव्हतं. शनिवारी दुपारी त्यांनी पिशवी काढली आणि दोन धोतरं तिच्यात कोंबली. सकाळी सहाच्या एस.टी.नं मौद्याला जातो, असं शामलेला सांगितलं. शामलेनं विचारलं, गावात कोण आहे आता, गोठ्यात तर ट्रॅक्टर आहे. देवराव म्हणाले, “इथं तरी माह्या हातानं काय होऊन राहिलं, पोरी? मी त्या पिल्लासारखाच. बसल्या जागी खातो.”

शामला पदरानं डोळे पुसत आत गेली. देवराव पिशवीचं तोंड बांधत खिडकीशी बसले होते. समोर व्हरांड्यात बाई खुर्चीतून उठल्या. कोणी पाहत नाही असं समजून भिंतीला हात लावत चालल्या. चार पावलं, मग थांबा. ढब्बू त्यांच्या डाव्या हाताला होता. तोही चार पावलं चालला आणि थांबला. बाईंचा दुखरा पाय मागे राहिला की तोही क्षणभर रेंगाळे. पाय आला की पुढं. बाई दारात वळल्या, तोही वळला.

देवरावांच्या हातातून पिशवीची नाडी सुटली. अरे बापा! काय म्हणावं आपल्या अकलेला! कोणत्याही जुन्या बैलाशेजारी गोऱ्हा कधी जुंपलाय का? आधी पंधरा दिवस दोघांना एका गव्हाणीत चारायचं, शेजारी बांधायचं, मग जू. हे तर गावच्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. आणि आपण कोण कुठली काळी बांधली!

ते तसेच अनवाणी व्हरांड्यापाशी गेले. बाईंनी मान वळवली. पिल्लासाठी आले असाल तर जा, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

“बाई, पिल्लू हट्टी नाई,” देवराव म्हणाले. “ते एकटं चालत नाई, एवढंच. त्याले जुना बैल पायजे. ज्याच्या ताटलीत खाल्लं, ज्याच्या पायाशी झोपलं, तोच पायजे.”

“मग आणा शोधून.”

देवरावांनी खाली मान घातली. “तुमीच आहा, बाई.”

आत भांडी घासणाऱ्या नोकराणीचा हात थांबला. बाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यावर काहीतरी हललं.

“तीस वर्षं मला लोक बाई म्हणाले,” त्या म्हणाल्या. “बैल आज पहिल्यांदाच.” आणि हात पुढं केला. “द्या तो खुंटीवरचा पट्टा.”

मानेला लागलं होतं म्हणून देवरावांनी पट्टा छातीभोवती सैल बांधला. बाई पायऱ्या उतरल्या. ढब्बू उतरला. अंगण ओलांडलं. फाटक उघडलं, आणि बाई तिथंच थिजल्या. समोरच्या घरातल्या यमुताई, त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनी, गॅलरीत वाळवण गोळा करत होत्या. बाई थांबल्या तसा ढब्बू खाली बसला.

देवराव मागे होते, आपल्या नेहमीच्या जागी. काय करतो आहोत हे कळायच्या आत त्यांची जीभ टाळूला लागली आणि सुटली. टक्!

ढब्बू उठला. बाईंचा पाय उचलला गेला. दोघंही फाटकाबाहेर पडली.

देवरावांनी जीभ चावली. हेडमास्तरणीला आपण बैलासारखं हाकलं! पण बाई चालतच होत्या, लंगडत, अगदी सरळ पाठीनं, आणि त्यांच्या डाव्या हाताला ढब्बू रेंगाळत, पुढं होत, पुन्हा रेंगाळत. यमुताईंनी गॅलरीतून हात जोडले. बाईंनी मान हलवली. कोपऱ्यावर जाऊन दोघं वळली, दम घेतला आणि परत आली. बाईंच्या कपाळाला घाम होता. फाटकाशी त्या न थांबता बोलल्या.

“उद्या किती वाजता, देवराव?”

“सहाले,” देवराव म्हणाले, “ऊन निंगाच्या आत.” आणि मग त्यांना आठवलं, की सहाला तर मौद्याची एस.टी. होती.