रिस्टार्टनंतरचा बीप

"रिस्टार्ट केलं की कॉम्प्युटर गप्प होतो," नेहा म्हणाली. बाकीची गिऱ्हाइकं 'हँग होतो' म्हणतात. 'गप्प' मी पहिल्यांदाच ऐकलं.

नेहा सावंतला दिसत नाही. बोरिवलीच्या घरी बसून ती डॉक्टरांची रेकॉर्डिंग्ज ऐकते आणि रिपोर्ट टाइप करते. पडद्यावर जे येईल ते स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर तिला वाचून दाखवतं. पण मशीन सुरू होतानाच अडकलं, तर वाचायला कोणी नाही. मशीन हळू चाललंय की अडकलंय, हे तिला कळत नसे. हेडफोन लावून ती वाट बघत बसे. शेवटी आईला फोन, आणि आई हाफ डे टाकून घरी. ऑफिसने सांगितलं होतं, असंच चालू राहिलं तर काम दुसऱ्याला देऊ.

गोरेगावच्या आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून साहेबांचा फोन आला. मदरबोर्ड बदलायला सांग आणि निघ, सांताक्रूझचं गिऱ्हाईक थांबलंय. मी थोडा वेळ मागून घेतला.

रॅम साफ केली, सेटिंग बदलली. काही फरक नाही. पूर्ण बंद करून चालू केलं तर मात्र मशीन नीट उठत होतं. रिस्टार्टमध्ये वीज तुटत नाही, त्यामुळे मागे जोडलेल्या वस्तू चालूच राहतात. त्यातली एखादी बिघडलेली असली, की मशीन तिच्यापाशी अडकतं. एकेक वायर काढत गेलो. हेडफोनसाठी लावलेला यूएसबी हब काढला आणि मशीन उठलं. हेडफोन थेट मशीनला जोडला.

मी बॅग भरायला घेतली.

"काका, पुन्हा अडकलं तर मला कळणार कसं?"

मी बॅग परत उघडली. बॅगेत एका भंगार मशीनचा बोटाएवढा स्पीकर पडला होता. तो मदरबोर्डवर बसवला. रिस्टार्ट केलं. बीप वाजला.

"हा वाजला की मशीन ठीक उठलं. नाही वाजला तर हे बटण दाबून धर, बंद होईल. मग परत चालू कर."

तिने बटण चाचपलं. मग स्वतः रिस्टार्ट केलं. बीप आला तशी हसली. "अजून एकदा करू?"

सांताक्रूझला मी उशिरा पोचलो.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. लाइट क्षणभर गेली-आली, मशीन आपोआप रिस्टार्ट झालं आणि अडकलं होतं. "बीप नाही आला, काका. मीच बंद करून चालू केलं. आईला संध्याकाळी जेवताना सांगितलं."

मशीन दुरुस्त केलं की त्याचं बिल होतं. बिघाड गिऱ्हाइकाला कळावा यासाठी बिलात रकाना नाही. तेवढं काम फुकटात करावं.